थोरलीची नक्कल

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. जिच्या काठी ती घडली त्या नदीनेही तेव्हापासून आपले पात्र बदलले आहे. लहानांनी ती ऐकावी, कारण तिच्यात रंग आहेत. मोठ्यांनीही ऐकावी, कारण तिच्यात कुठेतरी ते स्वतः उभे आहेत.

त्या नदीकाठी एक राज्य होते. राजवाड्याला दोन चौक होते, एक वरचा आणि एक खालचा, आणि मध्ये दगडी पायऱ्या. वरच्या चौकात दरबार भरे. खालच्या चौकात घोडे बांधत, पाणके घागरी उतरवत, आणि ज्यांना वर जायची मुभा नव्हती अशी सगळी माणसे ताटकळत.

मुभा नसलेल्यांत गोंदलेल्या बायका होत्या. जिच्या कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका असेल, तिने वरच्या चौकात पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. नियम जुना होता, आणि जुन्या नियमाला कारण विचारायचे नाही हाही एक नियमच होता.

वरच्या चौकातल्या दिवाणखान्यात एक तैलचित्र टांगलेले होते. ज्या बाईने हे राज्य वसवले तिचे ते चित्र. तिला सगळे थोरली म्हणत. भाट सांगत, शत्रू पाठीवर असताना थोरली आपली माणसे घेऊन नदीवर आली, तिला पाहून नदी दुभंगली, आणि थोरली कोरड्या पायांनी पैलतीरी गेली. चित्रात ती किंचित वळून बसली होती. हात मांडीवर, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. काढणाऱ्याने असे काढले होते की दिवाणखान्यात कुठेही उभे राहा, थोरली तुमच्याकडेच बघे.

राज्यातला प्रत्येक चित्रकार थोरलीवरून शिके. चित्रशाळेची रीतच तशी होती. स्वतःच्या मनाने कुंचला उचलण्याआधी थोरलीची नक्कल करायची. ती दरबारात मूळ चित्राशेजारी टांगली जाई. दरबाराने पसंत केली, तर नक्कल करणारा चित्रकार ठरे, आपल्या चित्राखाली नाव घालायचा मान त्याला मिळे, आणि ती नक्कल त्याची स्वतःची होई. नापसंत केली, तर त्याचे कुंचले सगळ्यांसमोर मोडत.

आणखी एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की थोरलीचा चेहरा ‘उजळत’. चित्रशाळेचे गुरुजी जुन्या चेहऱ्यावर ताज्या रंगाचा हात फिरवत. फिरवता फिरवता नाक जरासे नव्या राजासारखे होई, भुवई जराशी त्याच्यासारखी वळे. मग लोक कौतुकाने म्हणत, “बघा, राजा अगदी थोरलीवर गेलाय!” खरे तर थोरलीच राजावर जात होती.

आता आपल्या गोष्टीतली मुलगी.

तिची आई जवसाचे तेल विकायची. रंग खलायला चित्रशाळेला तेच तेल लागे. आई डोक्यावर बुधला घेऊन खालच्या चौकापर्यंत येई, पायरीशी तेल मापून देई आणि परत जाई. तिच्या कपाळावर एकाखाली एक असे तीन ठिपके होते आणि हनुवटीवर एक. त्यामुळे तिचे तेल वर जाई, ती जात नसे.

मुलगी लहान असताना गावात गोंदणारीण आली होती. सगळ्या मैत्रिणी रडत-हसत गोंदून घेत होत्या. मुलगीही पुढे सरसावली, तेव्हा आईने तिला दंडाला धरून मागे ओढले.

“हिला नको,” आई गोंदणारणीला म्हणाली. “हिला वर जायचंय.”

तेव्हा मुलगी खूप रडली होती. कोरे कपाळ घेऊन मैत्रिणींत जायची तिला लाज वाटली. पण मोठी झाल्यावर त्याच कोऱ्या कपाळाने तिला चित्रशाळेचे दार उघडून दिले.

चित्रशाळेत ती आधी नुसते रंग खलायला शिकली. गेरू, पिवडी, सफेदा, हिंगूळ. दगडावर दगड गोल गोल फिरवत राहायचे, तेल मुरत जाते, आणि मग कधीतरी रंग लोण्यासारखा होतो. त्यानंतर ती कोळशाने रेघा मारायला शिकली, आणि मग गुरुजींनी तिच्या हातात एक कागद दिला. कागदाच्या मधोमध बोटभर चौकोनी भोक पाडलेले होते.

“ही खिडकी,” गुरुजी म्हणाले. “थोरलीसमोर ही धर आणि भोकातून जेवढं दिसेल तेवढंच रंगव. नाक काढू नकोस, डोळा काढू नकोस. नाक कसं असतं ते तुला माहीत आहे, म्हणून तू माहितीतलं नाक काढतेस. समोरचं बघ, पोरी. माहिती बाजूला ठेव.”

गुरुजी कडक होते, पण शिकवत मनापासून. मुलीला ते वाक्य इतके पटले की तिने ते कायमचे गाठीशी बांधले.

बाकीची मुले मात्र दिवाणखान्यात फारशी जात नसत. तिथे उभे राहून पाय दुखत. ती शाळेत बसून गुरुजींच्या जुन्या नकलेवरून नक्कल करत आणि लवकर मोकळी होत.

“अगं तेलीण,” एक जण तिला चिडवायचा, “थोरलीची कातडी मोजतेस की काय? माझे दोन्ही डोळे झाले, तुझी अजून एक पापणी चालू आहे!”

“तू गुरुजींची नक्कल करतोयस,” ती म्हणायची. “मी थोरलीची करतेय. वेळ लागणारच.”

वेळ लागू देण्यामागे तिचे एक कारणही होते. ते तिने कुणाला सांगितले नव्हते.

तेल द्यायला आई आली की मुलगी धावत खाली यायची. दोघी पायरीवर बसून भाकरी खायच्या. आणि दर वेळी आई विचारायची, “कशी दिसते गं ती?”

आईने थोरलीला कधी पाहिले नव्हते. जिच्या नावाने ती दिवा लावे, जिच्या गोष्टी सांगून तिने मुलीला झोपवले, त्या बाईचा चेहरा वरच्या चौकात होता.

“सांगून कळणार नाही,” मुलगी म्हणायची. “नक्कल पसंत झाली की ती माझी होईल. मग घरी आणीन. पोटभर बघ.”

म्हणून ती इतकी जपून काढत होती. राजाला मूळ चित्र होते. आईला फक्त ही नक्कल मिळणार होती. तिच्यात एक केस इकडचा तिकडे झाला, तर आईने आयुष्यभर वाट बघून खोटे पाहिले असते.

कापड, हात, गळा, हनुवटी, ओठ, डोळे असे करत करत ती कपाळापाशी आली. खिडकी धरली. भोकात गव्हाळ रंग होता, आणि त्या गव्हाळ रंगात कुठेतरी थंड, हिरवट झाक. तिने पिवडीत चिमूटभर काजळी मिसळली. हिरवट रंग उतरला. तो तिने जिथे दिसला तिथे लावला. खिडकी सरकवली. पुन्हा तशीच झाक. पुन्हा लावली. खाली एक बारीक तिरकी रेघ दिसली. ती कसली, हे तिला कळले नाही. कळायची गरजही नव्हती. दिसली, म्हणून तिने काढली.

कपाळ पुरे झाल्यावर तिने कागद बाजूला ठेवला आणि दोन पावले मागे झाली.

आपल्या हातची नक्कल तिने पहिल्यांदाच सलग पाहिली.

थोरलीच्या कपाळावर गोंदण होते. भुवयांच्या वर, मधोमध, एक छोटीशी होडी. होडीत एक ठिपका. आणि होडीला टेकून ती तिरकी रेघ.

“चुकले,” ती पुटपुटली. धावत मूळ चित्राशी गेली. समोरून काहीच दिसेना. मग ती दिवाणखान्याच्या खिडकीच्या बाजूला सरकली, जिथून सकाळचे ऊन तिरपे येत होते. तिथून दिसले. रंगाच्या थराखाली, पाण्याखालच्या दगडासारखे, अंधूक आणि हिरवे. होडी. ठिपका. तिरकी रेघ.

मागे पावले वाजली. गुरुजी आले होते. त्यांनी तिची नक्कल पाहिली. मग मूळ चित्राकडे न बघताच ते म्हणाले, “भिंतीला ओल आली असेल.”

मुलीच्या ते ध्यानात आले. गुरुजींनी मूळ चित्राकडे बघायला हवे होते, आणि ते बघत नव्हते.

“ओल होडीच्या आकाराची येते, गुरुजी?”

“काढून टाक ते.”

“तुम्हीच म्हणालात, समोरचं बघ.”

“समोरचं बघ म्हणालो,” गुरुजी आवाज खाली आणत म्हणाले. “समोरचं सगळं दाखव असं म्हणालो नाही.”

ते चौरंगावर बसले. थकल्यासारखे दिसले. “जुन्या तेलाला हा रोग असतो, पोरी. वर्षं गेली की वरचा थर काचेसारखा होत जातो. खाली झाकलेलं असेल ते वर यायला लागतं. आपण उजळतो. काही वर्षं बरं दिसतं. मग पुन्हा येतं.”

“मग रोग तेलाला कसा?” मुलगी म्हणाली. “तेल तर धडधाकट आहे.”

गुरुजींना हसू आले, पण ते त्यांनी गिळले. “ऐक. तुझी आई गोंदलेली आहे. दरबार म्हणेल, तेलिणीच्या पोरीने थोरलीला आपली आई चिकटवली.”

“आईचे तीन ठिपके आहेत. ही होडी आहे.”

“दरबाराला ठिपके आणि होडी यांतला फरक कळत नाही. दरबाराला फक्त हिरवं दिसतं. उद्या नक्कल टांगायची आहे. आज ते पूस.”

दुपारी आई तेल घेऊन आली. मुलीने सगळे सांगितले. तिला वाटले होते आई खूश होईल. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

“पूस गं बाई ते,” आई म्हणाली. “एवढ्याशा रेघेपायी कुंचले मोडून घेणार? मी उन्हातान्हात बुधले वाहिले ते यासाठी?”

“मग तू काय बघणार? वरचे बघतात तेच?”

“बघीन. माझं काय अडतंय?”

“माझं अडतंय!” मुलगी इतक्या जोरात म्हणाली की पाणके वळून बघू लागले. “आई, तिच्या कपाळावर गोंदण आहे. तुझ्यासारखं. आणि तू इथे पायरीशी उभी! मी ते पुसलं तर मी चित्रकार होईन, आणि मग जन्मभर काय काढू? राजांची नाकं?”

आईचा हात आपसूक हनुवटीकडे गेला आणि ठिपक्यावर थांबला. मग तिने बुधला उचलला.

“उद्या येते,” ती म्हणाली. “इथेच उभी राहीन.”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. थोरलीच्या चित्राशेजारी नक्कल टांगली आणि तिच्यावरचे कापड ओढले. आधी वाहवा उठली. डोळे तेच, हात तेच, नजरही तशीच पाठ सोडत नव्हती. मग कुणीतरी कपाळ पाहिले.

“थोरलीला पुरळ उठलंय!” मागून आवाज आला आणि दरबार खोखो हसला.

प्रधान हसला नाही. “महाराज, या मुलीची आई गोंदलेली आहे. तिने आईचं गोंदण थोरलीच्या कपाळावर चढवलंय. हा मूर्खपणा नाही, हा अपमान आहे.”

राजा तरुण होता. दुष्ट नव्हता. पण आपला चेहरा थोरलीसारखा आहे हे त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकले होते, आणि त्या चेहऱ्यावरच त्याचे राज्य उभे आहे असे त्याला मनापासून वाटे.

“मुली,” तो म्हणाला, “हात चांगला आहे तुझा. म्हणून एक संधी देतो. ते हिरवं आत्ता इथे, स्वतःच्या हाताने पूस. आजच तुला चित्रकार करतो. नाहीतर कुंचले मोडले जातील आणि पुन्हा या राज्यात तू रंगाला हात लावणार नाहीस.”

एका सेवकाने तेलात भिजवलेली चिंधी तिच्यापुढे धरली. तेल तिच्याच आईचे होते. वासावरून तिने ओळखले.

तिने चिंधी घेतली नाही.

“महाराज, मला थोरलीला सुधारायला कुणी शिकवलेलं नाही. नक्कल करायला शिकवलंय. जे समोर आहे ते मी काढलंय. खोटं वाटत असेल तर खिडकीच्या बाजूला उभे राहून स्वतः बघा.”

“राजाने भिंतीला गाल लावून बघायचं?” प्रधान ओरडला.

“मग माझ्या आईला वर बोलवा. तिचं गोंदण आणि हे गोंदण जुळवून बघा. एक जरी रेघ जुळली, तर माझे कुंचले मीच मोडते.”

दरबारात कुजबुज झाली. गोंदलेली बाई वरच्या चौकात?

“ती वर येऊ शकत नाही,” राजा म्हणाला.

“मग चित्र खाली न्या.”

आजवर त्या दिवाणखान्यात असे कुणी बोलले नव्हते. राजाचे कान लाल झाले. “मोडा कुंचले! आणि गुरुजी, तुम्ही रंग घ्या. नकलेवरचं हिरवं झाका. मूळ चित्रही पुन्हा उजळा.”

कुंचले कडाकड मोडले. मुलीने डोळे मिटले नाहीत. एकेक बघितला.

गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. “महाराज,” ते अडखळत म्हणाले, “आपल्या राज्याभिषेकाला मीच झाकलं होतं. चांगला जाड थर दिला होता. तेल माझं ऐकत नाही.”

तेवढ्यात दिवाणखान्याच्या टोकाचा चिकाचा पडदा हलला. त्या पडद्याआड राजघराण्यातल्या बायका बसत. तिथून राजाची म्हातारी आई बाहेर आली. सगळे तिला आईसाहेब म्हणत. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता.

“आईसाहेब, आपण आत बसा,” राजा म्हणाला.

“बसलेय की इतकी वर्षं,” आईसाहेब म्हणाल्या. त्या काठी टेकत मुलीपाशी आल्या. “पोरी, ही होडी तुला कुणी सांगितली?”

“कुणी नाही. कागदाच्या खिडकीतून दिसली तशी काढली.”

“आणि ही होडीला टेकलेली रेघ? ती कसली?”

“ती मला कळली नाही, आईसाहेब,” मुलगी खरे तेच बोलली. “पण होती. म्हणून काढली.”

आईसाहेब तिच्याकडे बघत राहिल्या.

“ते वल्हं आहे,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी पदर मागे सारला.

म्हाताऱ्या कपाळावर, सुरकुत्यांच्या मधोमध, एक छोटीशी हिरवी होडी होती. होडीत एक ठिपका. होडीला टेकलेली एक तिरकी रेघ.

“सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि हे गोंदलं,” आईसाहेब म्हणाल्या. “त्यांना त्यांच्या सासूने गोंदलं होतं. प्रत्येकीला एवढंच सांगितलं गेलं: थोरलीची खूण आहे, घे आणि झाक. तुमच्या चित्रकारांनी तिचा चेहरा दर राजागणिक बदलला. आम्ही बायकांनी एक ठिपका हलवला नाही.” मग त्या मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. “नदी दुभंगली नव्हती, बाळा. तिने वल्हं मारलं होतं. नावाडीण होती ती.”

राजा हळूच म्हणाला, “पदर घ्या, आईसाहेब. दरबार बघतोय.”

“बघू दे. एवढ्यासाठीच बाहेर आले.” आईसाहेबांनी काठी फरशीवर आपटली. “आता नियम सांग. गोंदलेल्या बाईने वरच्या चौकात काय करायचं?”

राजाने प्रधानाकडे पाहिले.

“सांग ना! काढ मला बाहेर.”

शिपायांनी आपापल्या पायांकडे पाहिले. प्रधानाने छताकडे पाहिले. कुणी पुढे येईना, तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, “राहू दे. मीच जाते. नियम म्हणजे नियम.”

आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. चिकाचा पडदा पुन्हा हलला. राजाची राणी बाहेर आली, पदर मागे सारलेला, कपाळावर होडी. तिच्यामागे काकी, भावजया, चुलत जावा. एकेक जण राजासमोरून खाली गेली. राजा एकेकीचे कपाळ बघत राहिला. ज्यांच्यासोबत तो जन्मभर राहिला, त्यांचे कपाळ तो पहिल्यांदाच बघत होता.

मुलीने भिंतीवरची नक्कल उतरवली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि ती त्यांच्या मागे निघाली. तिला कुणी अडवले नाही.

खालच्या चौकात आई उभी होती. मुलीने नक्कल पायरीवर टेकवली. पाणके, घोडेवाले, भाजीवाल्या सगळे भोवती जमले. आईने पदराने हात पुसले, जणू चित्राला बघण्यासाठीही हात स्वच्छ लागतात. ती खाली बसली. कपाळ पाहिले, डोळे पाहिले, पुन्हा कपाळ पाहिले.

“कशी आहे?” मुलीने विचारले.

“आपल्यातलीच आहे की गं,” आई म्हणाली. मग मान तिरकी करून म्हणाली, “नाक मात्र राजाचं दिसतंय.”

“तेही समोर होतं,” मुलगी म्हणाली. “म्हणून काढलं.”

आधी आईसाहेब हसल्या. मग राणी. मग सगळा खालचा चौक असा हसला की घोडेही फुरफुरले. ते हसू पायऱ्या चढून वर गेले. रिकाम्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या राजाने नकळत आपल्या नाकाला हात लावला.

वर प्रधान होता, भाट होते, सिंहासन होते. पण राज्य खाली हसत होते. मग राजा पायऱ्या उतरला. शेवटची पायरी उतरताना त्याचा पाय अडखळला, कारण त्या पायरीची त्याला सवय नव्हती. तेलवाल्या आईने चटकन हात पुढे केला, आणि राजाने तो धरला.

त्या दिवसापासून दरबार खालच्या चौकात भरू लागला. थोरलीचे मूळ चित्रही खाली आणले. तिचा चेहरा पुन्हा कधी उजळला गेला नाही. वर्षे जात राहिली, तेल आपले काम करत राहिले, आणि हळूहळू थोरलीचे स्वतःचे नाकही वर आले. ते जरा बसके होते. सगळ्यांना आवडले.

त्याच दिवशी गुरुजींनी आपला सर्वांत चांगला कुंचला मुलीला दिला. “नकलेखाली नाव घाल,” ते म्हणाले. तिने आपले नाव घातले आणि शेजारी आईचेही, कारण तेल आईचे होते.

पुढच्या बाजाराला गावात गोंदणारीण आली. मुलगी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली आणि तिने कोरे कपाळ पुढे केले.

“काय गोंदू?” गोंदणारीण म्हणाली. “आता सगळ्या पोरी होडीच मागतात.”

मुलीने आईला जवळ ओढले आणि तिच्या कपाळाकडे बोट दाखवले.

“हे,” ती म्हणाली. “जसंच्या तसं. एकही ठिपका सुधारू नकोस.”

गोष्ट विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका: समोर आहे ते जसेच्या तसे दाखवणे हेच सर्वांत मोठे बंड आहे, म्हणून ज्याला ते दिसले त्याने आपले कुंचले मोडले गेले तरी ते पुसू नये.